टेट्रापॅकमधला गोड गैरसमज
बाळाला जुलाब लागले की मम्मी-पप्पांची पहिली धाव केमिस्टकडे. 'ओआरएस द्या' म्हटलं की माझ्या कितीतरी मैत्रिणींच्या हातात यायचा तो ऑरेंज फ्लेवरचा टेट्रापॅक! पण हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष सुमारे आठ वर्षं कानीकपाळी ओरडत होत्या, की हे ओआरएस नाहीच. अखेर ऑक्टोबर २०२५मध्ये एफएसएसएआयनं असल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' लिहायला बंदी घातली.

फरक काय? सगळा खेळ प्रमाणाचा. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. या मापात ग्लुकोज मिठाला आणि पाण्याला आतड्यातून रक्तात नेतं. साखर फार झाली तर पाणी उलट आतड्यातच ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. गोड म्हणजे ताकदीचं, हे गणित इथं साफ चुकतं.

मग करायचं काय? 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' वाचूनच पावडरचं पाकीट घ्या. त्यावर लिहिलंय तेवढ्याच, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट घाला, अर्धंमुर्धं नको. चमच्याचमच्यानं पाजा. उलटी झालीच, तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. अंगावरचं दूध, वरणभात बंद करू नका. झिंकबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि हो, मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास शू झाली नाही किंवा शीतून रक्त गेलं, तर गूगल नको. थेट डॉक्टर गाठा!