लघवीत एकदाच रक्त दिसलं, तरी दाखवा

कापूस वेचणीच्या घाईत लघवी एखाद दिवस लालसर झाली, तर बाई म्हणते, उन्हानं झालं असेल, नाहीतर पाळी आली असेल. दुसऱ्या दिवशी लघवी साफ होते आणि ती विसरून जाते. पण किडनीच्या कॅन्सरची ही पहिली खूण असू शकते.

किडन्या पाठीकडे, बरगड्यांखाली खोल असतात. तिथली गाठ लवकर हाताला लागत नाही, बरेचदा दुखतही नाही. रक्त दिसतं, थांबतं, काही दिवसांनी पुन्हा दिसतं. थांबलं म्हणजे बरं झालं, असं नाही. कुशीत सतत दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, वारंवार ताप येणं, अंगातलं रक्त कमी होणं, याही खुणा आहेत.

लाल लघवी म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. मुतखड्यानं किंवा जंतुसंसर्गानंही रक्त जातं. बीट खाल्लं किंवा टीबीच्या गोळ्या चालू असल्या तरी रंग बदलतो. कारण कोणतं, ते लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी केल्यावर कळतं. संशय आला तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात.

बिडी-सिगारेट, लठ्ठपणा आणि वाढलेला बीपी यांनी धोका वाढतो. हा आजार बायांपेक्षा पुरुषांना जास्त होतो, म्हणून घरच्या माणसांनाही विचारा. बीपी उपकेंद्रात मोफत तपासतात.

लहान लेकरांनाही किडनीचा एक कॅन्सर होतो, बहुतेक ५ वर्षांच्या आत. आंघोळ घालताना पोटात एका बाजूला गाठ लागली, तर ती दाबू नका, चोळू नका. लगेच दवाखान्यात न्या. वेळेत उपचार झाले तर बहुतेक लेकरं बरी होतात.

मोठ्या माणसांत गाठ किडनीपुरती असेल, तर ऑपरेशन हाच मुख्य उपचार. लहान गाठ असली तर तेवढाच भाग काढतात, नाहीतर पूर्ण किडनी. घाबरू नका, दुसरी किडनी चांगली असेल तर माणूस एका किडनीवर जगतो. आपली एक किडनी लेकराला देणाऱ्या आया जगतातच ना? आजार पसरला असेल तर नव्या गोळ्या आणि इंजेक्शनं असतात. पण मग तो मुळापासून जाणं अवघड होतं.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. पुढे यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. जाताना आधार आणि रेशन कार्ड घ्या. जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. कोणता उपचार त्यात बसतो, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच.

"कापूस विकला की दाखवू," असं म्हणू नका. तपासणीला पैसे कमी पडले तर गटाच्या बचतीतून उचल घ्या. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर एक प्रश्न नक्की विचारा, "कोणाला लघवीत कधी रक्त दिसलं का?" जी हो म्हणेल, तिच्यासोबत कोण जाणार, तेही तिथंच ठरवा.