लाकडाचे दशक

घानाचे शिल्पकार एल अनात्सुई 1975 साली आपला देश सोडून नायजेरियातील न्सुक्का येथील विद्यापीठात शिल्पकला शिकवावयास गेले, त्या गोष्टीला 2025 मध्ये पन्नास वर्षे पुरी झाली. हे निमित्त साधून आपल्याकडील एखाद्या नियतकालिकाने त्यांच्यावर काही पाने खर्ची घालावीत, ही वस्तुतः आनंदाची बाब. परंतु जो लेख अलीकडे माझ्या वाचनात आला, त्यात दारूच्या बाटल्यांच्या झाकणांपासून केलेल्या त्यांच्या झगमगत्या पडद्यांचे वर्णन पानोपानी पसरलेले असून, लाकडातील त्यांच्या कामाची बोळवण मात्र प्रारंभीचे काही प्रयोग एवढ्या शब्दांत केलेली आढळली. ज्या लाकडाची अशी वासलात लावली गेली, त्याचा जळका, किंचित गोडसर वास ऐंशीच्या दशकात न्सुक्काच्या वाऱ्यावर घेतलेल्या मंडळींपैकी मी एक असल्यामुळे तो लेख वाचून स्वस्थ बसणे मला जमले नाही.

त्यांच्या पूर्वायुष्याचा तपशील कोणत्याही प्रदर्शनाच्या पुस्तिकेत छापलेला मिळतो, तेव्हा तो येथे थोडक्यात उरकतो. जन्म 1944 मधला, घानाच्या आग्नेयेस असलेल्या आन्याको या गावचा. बत्तीस भावंडांत ते धाकटे. कुमासीच्या कलाशाळेत शिक्षण, जिथला अभ्यासक्रम साहेबी वळणाचा असल्यामुळे स्वतःच्या मुलखातील कारागिरी पाहण्यासाठी त्यांना तेथील सांस्कृतिक केंद्रातील कोरक्यांच्या आणि विणकरांच्या पाठीशी जाऊन बसावे लागले. त्यानंतर विनेबा येथे अध्यापन. या काळातील एकच गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बाजारात बायका ज्या गोल लाकडी तबकांत माल मांडतात, ती तबके घेऊन, तापलेल्या लोखंडाने त्यांवर अकान लोकांच्या आदिन्क्रा चिन्हांचे डाग देण्याचे काम त्यांनी तेथे सुरू केले. लाकूड आणि विस्तव यांची जी जोडी पुढे वीस वर्षे सुटली नाही, ती तेव्हापासूनची.

न्सुक्का हे गाव टेकड्यांच्या कुशीत, तांबड्या मातीवर वसलेले आहे. कोकणातील जांभ्याची सवय असलेल्या माणसाला ती माती परकी वाटत नाही. परकी वाटते ती डिसेंबरात सहाराकडून येणारी हरमाटनची धूळ, जी वह्यांवर, भांड्यांवर आणि माणसांच्या आवाजावरही बसते. 1960 मध्ये सुरू झालेल्या येथील विद्यापीठाने बियाफ्राच्या यादवी युद्धात अतोनात सोसले होते. 1970 मध्ये युद्ध संपल्यावर तेथील कलाविभागात उचे ओकेके यांनी उली या चित्रपरंपरेला, म्हणजे इग्बो स्त्रिया अंगावर आणि भिंतींवर ज्या रेषा काढीत त्यांना, अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणले. अशा भूमीत आलेल्या अनात्सुईंनी प्रथम माती हाती घेतली आणि मुद्दाम फुटकी मडकी घडविली. फुटलेले मडके टाकून द्यायचे नसते, त्याला दुसरे काम मिळते, हा त्या भागातला घरोघरीचा व्यवहार त्या मडक्यांच्या मुळाशी होता. युद्धात फुटलेल्या त्या प्रदेशाला ही मडकी काय सांगत होती, ते वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

तेलाच्या पैशावर नायजेरियाने जी विद्यालये आणि विद्यापीठे भराभर काढली, त्यांना पुरे पडतील इतके शिक्षक त्या देशात नव्हते. म्हणून भारतातून जे पुष्कळ लोक तिकडे गेले, त्यांत गणित शिकविणारा मीही होतो. मी तेथे पोहोचलो तोपर्यंत अनात्सुईंच्या हाती यांत्रिक करवत आलेली होती. 1980 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात कमिंग्टन येथील कलावंतांच्या वसतिस्थानी त्यांनी ही करवत प्रथम चालविली असे सांगतात. झाडे पाडण्यासाठी आणि ओंडके चिरण्यासाठी निघालेले हे अवजार, वाकस आणि पटाशी यांनी युगानुयुगे चाललेल्या आफ्रिकी काष्ठशिल्पाच्या हाती यावे, यातच एक प्रकारचा अत्याचार आहे, आणि तो त्यांना हवा होता.

त्यांची रीत अशी होती. निरनिराळ्या झाडांच्या, म्हणून निरनिराळ्या रंगांच्या, अरुंद लांब फळ्या ते शेजारी शेजारी उभ्या मांडीत; सगळ्यांवरून आडवी करवत अशी फिरवीत, की तिचे दात प्रत्येक फळीला थोडे थोडे फाडीत जात; जिथे पात उतरे तिथे कडा चिंधीसारख्या उडत; आणि मग ज्वालेने काही भाग असे करपवीत, की पिवळ्या लाकडाच्या मधोमध काळ्याभोर जखमा उमटत. एका इग्बो सहकाऱ्याच्या बैठकीच्या खोलीत असे एक शिल्प भिंतीला लावलेले होते. आपल्या पेठांतील जुन्या दुकानांना रात्री एकेक करून बसवायच्या सुट्या फळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्याची ठेवण चटकन कळेल. फरक इतकाच, की दुकानाच्या फळ्यांवर क्रमांक घातलेले असतात आणि एक जरी चुकली तरी दार लागत नाही, तर येथे फळ्यांचा क्रम बदलण्याची मुभा शिल्पकारानेच दिलेली होती. त्या घरची मुले सुट्टीच्या दिवशी फळ्या उलटसुलट लावीत, आणि आदल्या आठवड्यात खोलीच्या डाव्या बाजूस वाहणारी रेषा नव्या आठवड्यात तुटून उजवीकडे निघे. बोट फिरविले की करपलेल्या खाचांतून काजळी हाताला लागे. एवढ्या जवळून शिल्प हाताळण्याचा अधिकार मला त्यानंतर कोणत्याही संग्रहालयाने दिलेला नाही.

ही करवत कशाची होती, याबद्दल अनात्सुईंनी कधी संदिग्धता ठेवलेली नाही. 1884-85 च्या बर्लिन परिषदेत युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरविले, आणि तिथली भाषा, राज्ये किंवा पाणवठे न विचारता पुढे जी चिरफाड केली, तिचे प्रत्यंतर ते त्या दातांच्या धावेत पाहत. त्या सरहद्दी नकाशावरच राहिलेल्या नव्हत्या, हे आम्ही 1983 च्या जानेवारीत पाहिले. कागदपत्रे नसलेल्या परकीयांनी पंधरवड्याच्या मुदतीत देश सोडावा, असे फर्मान नायजेरियाच्या सरकारने काढले आणि दहा लाखांहून अधिक घानावासी, चौकड्यांच्या स्वस्त पिशव्यांत संसार कोंबून, पश्चिमेच्या रस्त्याला लागले. त्या पिशवीला तिकडे आजही घाना मस्ट गो असेच म्हणतात. ज्या वर्षी हे घडले, त्या वर्षी एक घानावासी शिल्पकार न्सुक्कात बसून लाकडावर करवत चालवीत होता, हे ध्यानात घेतल्यावाचून 1992 च्या 'व्हिसा क्यू' या त्यांच्या शिल्पातील, एकमेकांना खेटून रांगेत उभ्या असलेल्या इवल्याशा लाकडी आकृत्यांचा अर्थ लागणे कठीण आहे.

आम्हां भारतीयांच्या वसाहतीत या सगळ्याची दखल कितपत घेतली गेली, ते सांगायला हवे. घरी पैसे पाठविण्याचे परवाने, नायराचा भाव, 1984 मध्ये एकाएकी बदललेल्या नोटा आणि 1986 नंतर कोसळलेले चलन, यांपलीकडे संध्याकाळच्या बैठकीत विषय जात नसे. कलाविभागाकडून करवतीचा आवाज आला की, विद्यापीठाने जळाऊ लाकडाची वखार उघडलेली दिसते, असा विनोद एक सद्गृहस्थ नेमाने करीत आणि इतर हसत. त्याच सद्गृहस्थांनी पुढे निवृत्तीनंतर, झाकणांच्या पडद्यांची छायाचित्रे पाहून, आपण या थोर कलावंताचे शेजारी होतो असे सांगत फिरावे, हे मला कळू शकते. क्षमा करणे मात्र जमत नाही.

दुसरा हिशेब पॅरिसचा आहे. 1989 मध्ये तेथे 'मॅजिसियाँ द ला तेर' या नावाचे जे गाजलेले प्रदर्शन भरले, त्यात आफ्रिकेच्या वाट्याला मुख्यतः विद्यालयाची पायरी न चढलेले कारागीर आले: सिमेंटचे पुतळे करणारे, शवपेट्या घडविणारे, फलक रंगविणारे. त्यांच्या गुणांविषयी तक्रार नाही. तक्रार त्या निवडीमागील समजुतीविषयी आहे. शिकलेला, वाचलेला, बर्लिनच्या परिषदेवर करवतीने भाष्य करणारा आफ्रिकी प्राध्यापक आयोजकांच्या आफ्रिकेत बसत नव्हता. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पाच आफ्रिकी कलावंतांचे काम मांडले गेले, त्यांत अनात्सुई होते आणि त्यांना उल्लेखनीय म्हणून गौरविण्यात आले. तरीही पॅरिसची ती समजूत मेली नाही. तिने फक्त वेष बदलला.

माझे न्सुक्कातील वास्तव्य तेव्हा संपत आले होते. पुढील काम मी दुरून पाहिले, त्यातील दोहोंचा उल्लेख पुरेसा आहे. 1992 च्या 'इरोजन' या स्तंभावर आधी बारीक चिन्हांची दाट वीण कोरलेली असून, मग करवतीने तिच्यावरून असे घाव घातले आहेत की चिन्हे ढासळून पायाशी ढलप्यांचा ढीग साचलेला दिसतो. एका संस्कृतीची धूप किती वेगाने होते, हे याहून स्पष्टपणे सांगणारे शिल्प मला ठाऊक नाही. 1996 मध्ये डेन्मार्कमध्ये, समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या लाकडांतून त्यांनी 'अकुआज सर्व्हायव्हिंग चिल्ड्रन' हा आकृतींचा समूह उभा केला. डॅनिश जहाजांनी घानाच्या किनाऱ्यावरून माणसे नेली होती. त्यांची आठवण डेन्मार्कच्याच वाळूवर करून देण्याचे धैर्य त्या ओंडक्यांत होते.

यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. 1998 मध्ये न्सुक्काच्या परिसरात झाकणांनी भरलेली एक पिशवी त्यांना सापडली. ती झाकणे चेपून, दुमडून, तांब्याच्या तारेने जोडून धातूची वस्त्रे निघाली. 2015 मध्ये व्हेनिसचा जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. 2023 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्ये प्रचंड पडदे लोंबले. ते सुंदर आहेत, यात वाद नाही. दारूच्या त्या झाकणांत गुलामांच्या व्यापाराचा संदर्भ आहे, हेही खरे. परंतु प्रत्येक वेळी निराळ्या घड्या घालून टांगता येणारे, कोणताही एक आकार कायमचा न पत्करणारे शिल्प, ही जी त्या पडद्यांची कीर्ती गायिली जाते, ती कल्पना फळ्या उलटसुलट लावणाऱ्या मुलांच्या हातात वीस वर्षे आधी नांदत होती. मग झाकणांनाच एवढे भाग्य का? कचऱ्यातून सोने काढणारा आफ्रिकी, ही गोष्ट ऐकणाऱ्याला काहीच विचारीत नाही. करवतीने फाडलेली फळी मात्र, ही करवत कोणी आणली, असे विचारते. पॅरिसच्या समजुतीचा बदललेला वेष तो हाच.

न्सुक्काही आता ते उरलेले नाही. तेथील कलाविभागातले चित्रकार ओबिओरा उदेचुक्वू 1997 मध्ये लष्करी राजवटीच्या धाकाला कंटाळून अमेरिकेस गेले. त्या विभागाचे उत्तमोत्तम विद्यार्थी परदेशांत प्राध्यापक झाले. 2016 मध्ये उचे ओकेके वारले. आणि 2011 मध्ये निवृत्त झालेल्या अनात्सुईंनी पुढे घानातील तेमा येथे आपली कार्यशाळा थाटली. तुटपुंज्या साधनांवर, संपांच्या आणि अंधाराच्या वर्षांत, एका खेडवळ विद्यापीठाने जे घडविले, त्याचा दाखला आता बाहेरच्या संग्रहालयांच्या दप्तरांत शोधावा लागतो.

आपल्या कलाविद्यालयांतून हल्ली अनात्सुईंचे नाव पुष्कळ घेतले जाते आणि त्यांच्या आधाराने विद्यार्थ्यांना भंगार गोळा करण्याचा उपदेश होतो. त्यांनी स्वतः विद्यार्थ्यांना जे शिकविले, ते आपल्या परिसराने पुढे केलेले साहित्य हाती घ्यावे, एवढेच. ती शिकवण परिसराविषयी आहे, कचऱ्याविषयी नव्हे. आणि परिसर म्हणजे तिथे पडलेली वस्तू नसून, ती वस्तू तिथे कोणत्या हुकुमाने, कोणत्या व्यापाराने आणि कोणाच्या घामावर येऊन पडली, याची पुरी माहिती. ती माहिती करून घेण्याची शिस्त तबकांपासून 'इरोजन'पर्यंतच्या लाकडात जितकी उघडी दिसते, तितकी झगमगाटात दिसत नाही. तेव्हा शिकविणाऱ्यांनी लाकूड आधी घ्यावे; झाकणांना जगाने लागेल तेवढा वेळ दिलेलाच आहे.