बिनरंगी शर्करांची ओळख

ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोज या तिन्ही शर्करांच्या रेणूत कार्बनचे 6, हायड्रोजनचे 12 आणि ऑक्सिजनचे 6 अणू असतात. त्यांचे रेणुभार सारखे आणि द्रावण पाण्यासारखेच नितळ असल्यामुळे मिश्रणात नेमकी कोणती शर्करा आहे, हे ना वजनावरून कळते, ना नजरेला दिसते. फरक असतो तो अणूंच्या मांडणीत, आणि तो पकडण्याचे साधे साधन गाळणकागदाने पुरवले.

कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी 1944 मध्ये इंग्लंडमध्ये अमिनो आम्लांसाठी मांडलेले कागदी वर्णलेखन, म्हणजे कागदावर घटक वेगळे करण्याची पद्धत, पार्ट्रिज यांनी 1946 मध्ये शर्करांना लावले. कागदाच्या टोकाजवळ मिश्रणाचा ठिपका देऊन त्यावरून ब्युटेनॉल, असेटिक आम्ल व पाणी यांचा द्रावक सरकू दिला, की तंतूंनी धरून ठेवलेले पाणी शर्करेला मागे खेचते, ब्युटेनॉल पुढे नेऊ पाहते आणि या ओढाताणीत प्रत्येक शर्करा आपल्या वेगाने सरकते. द्रावकाने 100 मिलिमीटर अंतर कापले, तर ऱ्हॅम्नोज ही शर्करा सुमारे 37, ग्लुकोज 18 आणि गॅलॅक्टोज 16 मिलिमीटर जाते. शेवटच्या दोघींतील अंतर इतके तोकडे, की द्रावक कागदाच्या खालच्या कडेवरून ठिबकू देऊन तो दीर्घकाळ वाहता ठेवावा लागतो.

एवढे करूनही वाळलेला कागद कोराच दिसतो, आणि खरे कौशल्य येथेच लागते. त्यावर ॲनिलिन व थॅलिक आम्ल यांचे द्रावण फवारून सुमारे 105 अंश सेल्सिअसला तापवल्यास पाच कार्बनांच्या शर्करा तांबूस, तर सहा कार्बनांच्या तपकिरी उमटतात. घरोघरच्या साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, ठिपका मात्र सहजासहजी उमटत नाही, कारण ॲनिलिनशी संयोग पावणारी टोके तिच्यात एकमेकांतच गुंतलेली असतात.

शर्करा एकमेकींना जोडून बनलेल्या लांब साखळ्यांसाठी पुढे जेलमधील विद्युत संचारण आले. विद्युत क्षेत्रात सरकण्यासाठी विद्युतभार हवा आणि बहुतेक शर्करांवर तो नसतो, म्हणून साखळीच्या मोकळ्या टोकाला ऋणभारित, अतिनील प्रकाशात चमकणारा रंगरेणू जोडतात. तोच तिला जेलमधून ओढतो आणि तोच पट्टा दाखवतो. प्रत्येक साखळीला एकच रंगरेणू चिकटत असल्यामुळे पट्ट्याची चमक साखळ्यांचे वजन नव्हे, तर त्यांची संख्या सांगते.