कोलेस्टेरॉलसाठी उपाशी राहावे का?

लिपिड प्रोफाइलसाठी अनशापोटी रक्त द्यायचे, आदल्या रात्रीपासून नऊ ते बारा तास पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही, हा दंडक कोल्हापुरात घरोघरी पाठ आहे. पहिल्या चाचणीसाठी बहुतेकांना आता त्याची गरज नाही.

जेवणाने कोलेस्टेरॉल फारसे हलत नाही, हलतात ती ट्रायग्लिसराइड्स. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातली चरबी आतड्यातून कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत भरून रक्तात येते आणि तीन-चार तासांनी ट्रायग्लिसराइड्स शिखर गाठतात. अडचण एलडीएलची, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलची होते, कारण अनेक लॅब ते थेट मोजत नाहीत. १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करतात. एकूण २००, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड्स १५० असतील, तर एलडीएल १३०. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड्स २०० झाली की तेच १२० दिसते. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेली की हे सूत्र वापरताच येत नाही.

उपाशीपणाचा आग्रह मुख्यतः इथून आला. पण नेहमीच्या जेवणानंतरचा फरक किरकोळ निघाला: ट्रायग्लिसराइड्स सरासरी डेसिलिटरमागे २६ मिलिग्रॅमने वाढतात, एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल ८ ने उतरतात, एचडीएल जागेवर राहते. डेन्मार्कने २००९ पासून उपासाची अट सोडली. २०१६ मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी तीच वाट धरली.

जेवणानंतरच्या ट्रायग्लिसराइड्सचा मुद्दा महाराष्ट्राला विशेष लागू आहे. राज्याचा समावेश असलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत एकूण कोलेस्टेरॉल १३.९ टक्के लोकांत जास्त होते, ट्रायग्लिसराइड्स २९.५ टक्क्यांत जास्त, तर एचडीएल तब्बल ७२.३ टक्क्यांत कमी. माणूस दिवसाचा बराच वेळ खाल्लेल्या अवस्थेत असतो, रक्तवाहिन्यांना सोसावे लागते ते त्याच वेळचे रक्त. म्हणून जेवणानंतर चढलेला ट्रायग्लिसराइड्सचा आकडा चूक समजून झटकू नये. १७५ किंवा अधिक असेल तर तो जास्तच मानतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून मिळणारे नॉन-एचडीएल तर खाण्याने जवळपास बदलतच नाही. अहवालात आधी तेच पाहावे.

जेवणानंतर ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर आली, ती वाढल्याने पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा त्याच वेळी उपाशीपोटीची साखर पाहायची असेल, तर उपास हवाच. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये. साखर एकदम खाली येऊन चक्कर, घाम, बेशुद्धीपर्यंत वेळ येऊ शकते.