गाडीखाली अचानक ऑइल दिसलं तर? आधी शोधा, मग खोला

आजच्या भागाचा विषय जुन्या गाडीचा आहे. काल खाली कोरडं होतं, आज इंजिनखाली काळं थारोळं. आता करायचं काय?

पहिली गोष्ट, ते नक्की इंजिन ऑइलच आहे का? खाली पांढरा पुठ्ठा टाका. नुसतं पाणी असेल तर बहुतेक एसीचं, चिंता नाही. हिरवं किंवा गुलाबी आणि पाण्यासारखं पातळ असेल तर कूलंट. तपकिरी-काळं, बोटाला बुळबुळीत लागलं, तर इंजिन ऑइल.

दुसरी गोष्ट, डिपस्टिक. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं. काडी काढून पुसायची, परत घालून बघायची. बहुतेक छोट्या गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडी चालू करू नका, आधी ऑइल भरा. आणि चालवताना डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला, तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचार सोडा. तो दिवा प्रेशरचा असतो. प्रेशर गेलं की बेअरिंगला ऑइल पोचत नाही आणि इंजिन जॅम व्हायला वेळ लागत नाही. बाजूला घ्या, बंद करा.

आता खरी गंमत. जिथून थेंब पडतो, तिथे गळती असेलच असं नाही. ऑइल वरून खाली ओघळतं, आणि गाडी चालताना वाऱ्याने मागेही पसरतं. म्हणून ओला असलेला सर्वात वरचा आणि सर्वात पुढचा भाग शोधायचा.

आमच्या घरच्या पंधरा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीत हेच झालं. थेंब पडत होता इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून. एका गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि सांगितलं, "मागचं ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." सील स्वस्त असतं हो, पण उतरवण्या-चढवण्याची मजुरी मोठी! बाबा तर गाडी विकायच्या गोष्टी करायला लागले.

मला एक प्रश्न सतावत होता. रात्रभर उभ्या गाडीखाली एकही नवा थेंब नव्हता. गळत होतं ते इंजिन चालू असतानाच. ऑइल चेंबरचं पॅकिंग किंवा ड्रेन नट गळत असेल, तर गाडी उभी असतानाही थेंब पडतात. फक्त चालू इंजिनात गळतं, तेव्हा संशय आधी प्रेशरच्या बाजूवर घ्यायचा: ऑइल फिल्टर आणि ऑइल प्रेशर स्विच.

मग दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी इंजिन डिग्रीझरने धुतलं, वाळवलं, दहा मिनिटं चालू ठेवलं आणि बॅटरी मारली. ब्लॉकवर वरच्या बाजूला बसवलेल्या प्रेशर स्विचच्या वायरीच्या टोकातून ऑइल पाझरत होतं. तिथून ते ओघळत थेट गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत! स्विच बदलला, अर्ध्या तासात काम झालं. गिअरबॉक्सला हातही लावला नाही.

अजून तीन गोष्टी तपासून घ्या. एक, नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर फिल्टर आधी बघा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसला, तर ऑइल भसाभसा बाहेर येतं. दोन, टॅपेट कव्हरचं पॅकिंग. जुन्या गाडीत ते कडक होतं, आणि ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडलं की जळका वास येतो. धूर दिसला तर चालवू नका, आगीचा धोका असतो. तीन, पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो चोंदला की इंजिनच्या आत दाब वाढतो आणि चांगली सीलंही गळायला लागतात. हे न बघता सील बदललं, तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

म्हणून कुणी काही खोलायच्या आधी शांतपणे एवढंच म्हणा: "दादा, आधी धुऊन, चालू करून, कुठून येतंय ते दाखवा." चांगला मिस्त्री आनंदाने दाखवतो.

भेटू पुढच्या भागात!