यंत्र, कायदा आणि रोमा

औद्योगिक क्रांतीने भटक्यांचे जगणे मोडले, असे सरसकट म्हटले जाते. इंग्लंडमधील रोमा समाजापुरते तरी मला हे अर्धसत्य वाटते. हा समाज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून बाहेर पडलेला. अजूनही पाण्याला तो 'पानी' म्हणतो.

त्याची भाकरी खेड्यापाड्यांच्या गरजांवर अवलंबून होती. पुरुष फुटकी भांडी सांधीत, घोड्यांचा व्यापार करीत. बाया टोपल्या आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे दारोदार विकीत. सप्टेंबरात केंट परगण्यात हॉपची तोडणी असे. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेल. म्हातारीकोतारी, लेकरे, सारे बिऱ्हाड मळ्यात राबे. काम एकीकडे आणि कुटुंब दुसरीकडे, अशी फारकत नव्हती.

कारखान्यातल्या स्वस्त भांड्यांनी सांधण्याचा धंदा बुडवला, प्लॅस्टिकने टोपल्या आणि चिमटे. ट्रॅक्टरने घोडा हटवला. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉपच्या मळ्यांत यंत्रे शिरली. तरीही हा समाज हातपाय गाळून बसला नाही. कारखानदारीने फेकलेले भंगारच त्याने उचलले, घोडागाडी सोडून लॉरी घेतली.

खरा घाव पडला तो मुक्कामाच्या जागेवर. 1959 च्या महामार्ग कायद्याने 'जिप्सी'ने रस्त्याकडेला तळ ठोकणे हा गुन्हा ठरवला. कायद्यात जमातीचे नावच घातले. ज्या इंग्रजी राजवटीने 1871 साली आपल्याकडे जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तिच्या मायदेशातली ही गोष्ट. आपल्याकडचा तो कायदा तोवर, 1952 सालीच, रद्द झाला होता! 1960 च्या कायद्याने शेतजमिनीवर गाड्या उतरवण्यावर परवान्याचे बंधन आले आणि जुने तळ बंद पडले. 1968 साली तळ पुरवण्याची जबाबदारी स्थानिक परिषदांवर टाकली गेली. पुष्कळ परिषदांनी टाळाटाळ केली आणि 1994 साली ती जबाबदारीच काढून टाकण्यात आली. अनेक कुटुंबे नाइलाजाने चार भिंतींत गेली, नात्यागोत्यापासून तुटली.

म्हणून मला वाटते, धंदा कशाने गेला आणि जागा कोणी हिरावली, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्याला यंत्र कारण आहे. दुसऱ्याला माणसे कारण आहेत, आणि त्यांना जाब विचारता येतो. आपल्याकडच्या पालांविषयी लिहितानाही हा भेद विसरून चालणार नाही.