गर्भाशयाच्या अंतःस्तराची रंजक-परीक्षा

गर्भाशयाच्या पोकळीत बारीक दुर्बीण घालून तिच्या अंतःस्तराचे प्रत्यक्ष निरीक्षण करणे, यास हिस्टेरॉस्कोपी अथवा गर्भाशयदर्शन म्हणतात. ही कल्पना जुनीच आहे. पँटालिओनी याने एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या गर्भाशयातील मांसांकुर या मार्गाने पाहिल्याची नोंद १८६९ सालची आहे.

परंतु पाहणे आणि ओळखणे या दोन भिन्न क्रिया होत. मांसांकुर किंवा गाठ यांसारखे आकार बदलणारे विकार डोळ्यांस सहज दिसतात. अंतःस्तराचा दीर्घकालिक दाह मात्र पुष्कळदा कोणतेही ठळक लक्षण न दाखविता टिकून राहतो, आणि वंध्यत्वाचा किंवा वारंवार होणाऱ्या गर्भपाताचा तपास करतानाच त्याचा संशय येतो. लाली, सूज, सूक्ष्म अंकुर या त्याच्या खुणा इतक्या अस्पष्ट असतात की, त्यांविषयी दोन निरीक्षकांचे एकमत होईलच असे नाही.

अशा वेळी रंजकाचे साहाय्य घेता येते. हाइनरिख कारो याने १८७६ मध्ये तयार केलेल्या मेथिलिन ब्ल्यू या रंजकाचे एक टक्का द्रावण, सुमारे ५ मिलिलिटर, दुर्बिणीच्या वाटेने आत सोडतात व काही वेळाने पोकळी धुऊन पुन्हा पाहतात. अखंड पेशी हा रंग फारसा स्वीकारीत नाहीत. आवरणास इजा झालेल्या पेशींत तो शिरतो. त्यामुळे फिकट पार्श्वभूमीवर गडद निळे ठिपके उठून दिसतात व बायॉप्सीसाठी तुकडा नेमका कोठून घ्यावा, हे ठरविता येते.

येथेच एक सावधगिरी आवश्यक आहे. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात, कारण त्या दोहोंत व्याप्ती आहे. रंग आणि रोग यांच्यात तशी व्याप्ती नाही. उपकरणाच्या घर्षणाने दुखावलेला भागही रंगू शकेल, आणि न रंगलेला भाग निरोगीच असेल असेही नव्हे. दाहाचे निदान अखेर सूक्ष्मदर्शकाखाली, ऊतकात प्लाझ्मा पेशी आढळण्यावरच अवलंबून असते. त्या ओळखण्यास सीडी १३८ या प्रथिनाचे रंजन उपयोगी पडते. रंजक जागा दाखवितो, निर्णय देत नाही. ही पद्धत अद्याप नित्याच्या तपासणीचा भागही झालेली नाही. शिवाय जी६पीडी या विकराची उणीव असलेल्या व्यक्तीस मेथिलिन ब्ल्यू अपायकारक ठरू शकते, हे आधीच विचारात घ्यावे लागते.

भाषेच्या अभ्यासकास यात आणखी एक प्रश्न दिसतो. मराठीत ‘डाग’ म्हणजे रंगाची खूण, आणि डाग म्हणजे कलंकही. अपत्यप्राप्तीच्या चिंतेत असलेल्या स्त्रीस ‘गर्भाशयात डाग दिसले’ असे सांगितले, तर ती परीक्षेचा नव्हे, आपल्या दोषाचा निकाल ऐकते; आणि घरी तो शब्द तसाच पोहोचतो. त्याऐवजी ‘काही ठिकाणी रंग अधिक धरला आहे, तेथील तुकडा तपासल्यावर कारण कळेल’ असे म्हणणे अधिक सत्य आहे व अधिक दयेचेही. या ठिकाणी शास्त्रीय काटेकोरपणा आणि सहृदयता यांची मागणी एकच आहे.